रेघमास्तरांची वही

सभागृहात त्या दिवशी साहेबांनी जो प्रश्न विचारला आणि जो ऐकून शे-दीडशे माणसं हसली, तो प्रश्न साहेबांचा नव्हता. सकाळी साडेदहाला, त्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या, मी तो त्यांना एका चिठोऱ्यावर लिहून दिला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ऑफिसातल्यांना वाटतं साहेब हजरजबाबी होते. साहेब हजरजबाबी नव्हते.

ज्यांच्यावर ती माणसं हसली, त्यांना सगळं बुऱ्हाणपूर रेघमास्तर म्हणायचं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, उंच, किडकिडीत माणूस. राजघाटाच्या गल्लीत घर. कुणाच्या घरी गेले की माणसांकडे बघायच्या आधी भिंतीकडे बघायचे. तळहात भिंतीवर टेकवून सावकाश खाली आणायचे, जसं कुणी गाईच्या पाठीवरून हात फिरवतं तसं. घरातली बाई पाणी घेऊन आलेली असायची, ती तशीच उभी. हात एका ठिकाणी थांबला की म्हणायचे, "आहे. आता दे पाणी."

हाताखाली असायचा तो खिळा. पितळी, गंजू नये म्हणून. तापीला पूर आला आणि उतरला की दुसऱ्या सकाळी मास्तर गेरूचा डबा आणि हातोडी घेऊन निघायचे. पाणी ज्या उंचीपर्यंत चढलं त्या उंचीवर घराघराच्या भिंतीत एक खिळा त्याचं डोकं भिंतीत बसेपर्यंत ठोकायचा आणि त्यावरून गेरूची आडवी रेघ ओढायची. वडिलांनी सुरू केलेलं काम, मास्तरांनी चालू ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं. का करता असं विचारलं तर म्हणायचे, "नदीला सही येत नाही रे भाऊ. तिच्या नावानं आपण करून ठेवायची."

मी त्यांच्याकडे गेलो तो नगररचनेच्या ऑफिसनं पाठवलं म्हणून. नक्शानवीस होतो, म्हणजे नकाशे उतरवणारा, रोजंदारीवर. पुराच्या खुणा लिहून आण, असा हुकूम. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्लास्टिकच्या नळीचं एक टोक हातात दिलं. गवंडी वापरतात ती, पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांना दोन माणसं उभी राहिली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. एका भिंतीवरची उंची दुसऱ्या भिंतीवर न्यायची ती अशी. भिंतीवरचा चिखलाचा डाग खालीवर पसरतो, त्यावर मास्तरांचा विश्वास नव्हता. गल्लीतली सगळ्यात स्वच्छ खूण निवडायची आणि तिथून नळीनं घरोघर न्यायची.

"नळीला दुसरा माणूस लागतो," मास्तर म्हणाले, "आणि तो खोटा चालत नाही. म्हणून पोरं हवी तितकी असून मी एकटाच फिरतो, एक टोक खिळ्याला बांधून."

पहिल्याच दिवशी माझा हात थरथरला. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "दिगंबर, तुझ्या हातात नळी आहे, सलाईन नाही. हलवू नको." ओट्यावरच्या बाया खळखळून हसल्या. पुढची सात-आठ वर्षं दर पुरानंतर मी त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला होतो. काम संपलं की ते मला इतवाऱ्याच्या बाजारात नेऊन मावा जिलेबी खायला घालायचे. स्वतः खायचे नाहीत, साखरेचा आजार होता. मी खाताना समोर बसून बघायचे, आणि शेवटच्या घासाला हमखास म्हणायचे, "तिसऱ्या घराची खूण उद्या परत बघू. मला ती पटली नाही." कौतुक असं त्यांनी माझं कधीच केलं नाही. एकदाच, पानाच्या टपरीवर, मी जवळ नाही असं समजून कुणाला म्हणाले, "पोरगं बरोबर धरतं."

आता गल्लीतल्या बायांच्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण माझं पाप त्याच रिवाजावर उभं आहे. आषाढात तापीमाईचा जन्मदिवस असतो. त्या दिवशी बाया गेरूच्या त्या रेघेला हळदकुंकू वाहायच्या. दिवाळीला चुना मारला की रेघ झाकली जायची, मग घरातली बाई आपल्या हातानं ती पुन्हा ओढायची. ओढताना थोडी वर. कारण ओट्यावर बसणाऱ्याची पाठ भिंतीला टेकते, आणि माईला पाठ लागू नये. पुढच्या दिवाळीला आणखी थोडी वर. ज्या घरी माणसं जास्त बसायची त्या घरची रेघ जास्त चढली. काही वर्षांत शेजारशेजारच्या दोन घरांच्या रेघांमध्ये वीतभर फरक पडला.

मास्तरांना हे माहीत होतं. मी एकदा चिडून म्हणालो, सर, ह्यांना सांगा ना. तर म्हणाले, "सांगून काय करू? त्यांची पूजा रेघेला, आपलं काम खिळ्याला. खिळा चुन्याखाली झोपलाय, त्याला कोण हलवतं?"

आणि खिळ्यांची वही होती. प्रत्येक खिळा कोणत्या सालचा, कोणाच्या घरचा, आणि घाटाच्या सगळ्यात वरच्या दगडी पायरीपासून किती फूट किती इंच वर. अक्षर माझं. मास्तरांचा हात कापायला लागला होता. वही माझ्याकडेच असायची, ऑफिसच्या कपाटात. "माझ्या घरात ओल आहे," ते म्हणाले, "आणि तू सरकारी माणूस आहेस."

मग नदीकाठ सुशोभित करायची योजना आली. दगडी भिंत, फिरायला रस्ता, बाग, दुकानं. राजघाटाची आमची गल्ली त्यात जाणार आणि लोकांना शहराबाहेर नाल्याकडच्या सखल जमिनीवर घरं मिळणार. नकाशावर पुराची रेघ दाखवायची होती. रेघेच्या आत घरं बांधता येत नाहीत. मास्तरांच्या खिळ्यांप्रमाणे ती रेघ काढली तर नाल्याकडची सगळी जमीन पाण्यात जात होती. बाहेरून आलेल्या सर्वेवाल्यांनी रेघ बरीच खाली काढली होती, एका कोरड्या महिन्यात येऊन.

सुनवाईच्या, म्हणजे लोकांच्या हरकती ऐकायच्या, दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. समोर दोन फायली होत्या, एक योजनेची आणि एक मला कायम करण्याची. साहेब वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "दिगंबर, वो मास्टरजी सुनवाई में आएंगे. उनके निशान का क्या करें, तुम तो जानते हो."

मला कुणी धमकी दिली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी टेबलावरचा कागद ओढला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यासमोर सरकवला.

सुनवाईला मास्तर धुतलेलं धोतर नेसून आले. शाळेत मुलांच्या चित्रांना वापरायचे त्या जाड कागदावर त्यांनी नदी, गल्ली आणि नाल्याकडची जमीन रंगवून आणली होती. ते शांतपणे समजावून सांगत होते की तिकडे घरं दिलीत तर पाणी खिडकीपर्यंत येईल. लोक ऐकत होते. साहेबांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "मास्टरजी, एक बात बताइए. आपकी गली में इस घर का निशान यहाँ है और बगलवाले का एक बालिश्त ऊपर. तो क्या तापी तिरछी खड़ी रहती है?"

सभागृह हसलं. गल्लीतली माणसंही हसली, ज्यांच्या बायकांनी त्या रेघा वर नेल्या होत्या ती. मास्तर हसू ओसरेपर्यंत थांबले. वर्गात थांबायचे तसेच. मग त्यांनी मला शोधलं. मी भिंतीशी, पंख्याखाली उभा होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती, ते मला सगळ्यात जास्त आठवतं.

"दिगंबर, वही दाखव यांना. खिळ्यांची."

मी म्हणालो, "कोणती वही, सर?"

तीन शब्द.  मास्तरांना आधी वाटलं की मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू, समजावून, "अरे, खिळ्यांची. तुझ्या कपाटातली." मी नकारार्थी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "उमर हो गई मास्टरजी की." त्यांनी चित्राची गुंडाळी करायला घेतली. गुंडाळी पुन्हा पुन्हा उलगडत होती. शेवटी शिपायानं करून दिली.

त्यानंतर शहरानं त्यांचं जे केलं त्याला मी एकटा जबाबदार नाही, पण सुरुवात माझी. इतवाऱ्यात दुकानदार हाक मारायचे, "काय मास्तर, आज तापी सरळ आहे का तिरपी?" शाळेतली पोरं मान वाकडी करून त्यांच्या मागे चालायची. मास्तर हातोडी घेऊन घरोघर फिरले. चुना खरवडून खिळा दाखवू द्या, एवढंच मागत होते. पण घरं जाणार असली तरी मोजणीवाले यायचे होते, आणि भिंत फुटकी दिसली तर मोबदल्यात खोट येईल अशी बातमी गल्लीत पसरली होती. "मास्तर, आत्ताच पुट्टी मारली, भिंत खराब नका करू ना," ज्या बाईनं तीस वर्षं त्यांना पाणी दिलं तिनं सांगितलं. तिच्याच घरात तिच्या मुलानं हातोडी हिसकावून घेतली आणि त्यांना ओट्यावरून खाली ढकललं. मनगट मोडलं. तो मुलगा मला सांगत होता, हसत, "बुढऊ ऐकतच नव्हता." मीही हसलो होतो.

मला कायम केलं. गल्ली पाडली. खिळे मलब्यात गेले. मास्तरांना नाल्याकडच्या वसाहतीत खोली मिळाली, तळमजल्यावर. वाटप सोडतीनं झालं होतं, त्यात माझा हात नव्हता. हे एवढं एकच वाक्य मी निर्धास्तपणे लिहू शकतो.

दुसऱ्याच पावसाळ्यात, वर धरणाचे दरवाजे उघडले आणि सकाळी दहाच्या सुमाराला नाला उलटा भरायला लागला. दुपारपर्यंत पाणी वसाहतीच्या तळमजल्यावरच्या खिडक्यांपर्यंत चढलं. माणसं जिन्यांवर, गच्चीवर चढली, वाचली. भांडी, पेट्या, शिवणयंत्रं, दोन बांधलेल्या म्हशी, सगळं गेलं. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला मला पाठवलं.

मास्तर खोलीच्या बाहेर ओल्या खाटेवर बसले होते. मोडलेलं मनगट वाकडंच बसलं होतं. आत भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाचा काठ होता. मी घाटाच्या पायरीपासूनची उंची मनातल्या मनात जुळवली. ती वहीतल्या एका खिळ्याशी बोटभरही चुकत नव्हती. मी म्हणालो, "सर, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मास्तर माझ्याशी कायम मराठीतच बोलले होते. रागावले तरी मराठीत. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं, दोन्ही हात गुडघ्यावर नीट ठेवले आणि म्हणाले, "साहब, आपको जो लिखना है लिख लीजिए."

मी लिहिलं. पातळीच्या रकान्यात उंची अर्ध्यावर आणून घातली, कारण पूर्ण उंची लिहिली असती तर नकाशा खोटा ठरला असता आणि नकाशावर माझी सही होती.

त्या हिवाळ्यात ते मुलीकडे, फोपनारला गेले. जावयाची केळीची बाग आहे. तिथेच खोकल्यानं गेले. तेराव्यानंतर महिनाभरानं त्यांची ती मुलगी, मंदा, ऑफिसात आली, वसाहतीतली खोली नावावर करायला. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं घेतला नाही. कागदांवर सह्या झाल्यावर मी विचारलं, सर शेवटी काही म्हणाले का. खरं तर मला क्षमा हवी होती, तीही तिच्या हातून, फुकटात.

"खूप बोलायचे," मंदा म्हणाली. "शाळेतल्या पोरांची नावं घ्यायचे, हजेरीसारखी. तुमचं नाव एकदाही नाही घेतलं, भाऊ. मी एकदा काढलं तर म्हणाले, तो कोण?"

ते खरंच विसरले होते की त्यांनी मला माझंच उत्तर परत दिलं, ते मला ठरवता आलेलं नाही. मंदाला विचारायची हिंमत झाली नाही.

आता त्या साहेबांच्या जागी मी बसतो. वसाहत तिथेच आहे. तळमजल्यावर नवी कुटुंबं राहायला आली आहेत, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, आणि नव्या आराखड्यातही माझीच जुनी रेघ उतरवली गेली आहे. वही माझ्या घरी लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली आहे. घाटाची वरची पायरी अजून जागेवर आहे, म्हणजे वहीतला एकूण एक आकडा आजही जमिनीवर उतरवता येतो. ती वही या आराखड्याच्या सुनवाईत सगळ्यांसमोर ठेवणं, नकाशावरची रेघ वर नेऊन त्याखाली मास्तरांचं नाव घालणं, आणि तो प्रश्न माझा होता हे त्याच सभागृहात उभं राहून सांगणं, एवढं मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.