वकिलाचे नवे दात

बत्तिशीकाकांनी एकतीस वर्षं माणसांचे दात केले, पण माणसं पाहिली नाहीत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आत पाठवायच्या. काका त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि कवळी तयार करून बाहेर द्यायचे. ती कोणाच्या तोंडात गेली हे त्यांनी कधी विचारलं नाही. चार माणसांत गेलं की त्यांना काय बोलावं ते सुचायचंच नाही.

त्यांची धाकटी बहीण बेघरांच्या निवाऱ्यात स्वयंपाक करायची. एका रविवारी ती घरी आली होती.

"दादा, आमच्याकडे एकजण आहे," ती म्हणाली. "सगळे त्याला वकील म्हणतात. कोणावर अन्याय झाला की हा भांडायला पुढे. पण तोंडात उरलेत तीन दात, तेही किडलेले. बोलतो त्यातलं निम्मं कळत नाही. पाव चहात बुडवून नुसता गिळतो."

"मग दाखवत का नाही कुठे?"

"गेला होता मोठ्या दवाखान्यात. खिडकीवर पत्ता विचारला, तो याच्याकडे कुठला असणार? परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेला, तर बाकावर शेजारी बसलेला माणूस नाक मुरडून लांब जाऊन बसला. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढत नाही. आमच्याकडे बहुतेकांचं असंच आहे."

दोन दिवस काकांचं कामात लक्ष लागेना. शेवटी धीर करून त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. बाईंनी क्षणभर विचार केला.

"गुरुवारी सकाळी आपला दवाखाना बंदच असतो. मी जाईन. पण काका, तुम्हीही यायचं."

"मी? मी तिथे काय करू?"

"मापं घ्यायला मदत करा. आणि जमलं तर दोन शब्द बोला."

पहिल्या गुरुवारी निवाऱ्याच्या जेवणाच्या खोलीत, खिडकीजवळ, घडीची खुर्ची मांडली. बाईंनी हत्यारं स्वच्छ कापडावर लावली. एकही माणूस आला नाही. लोक दारातून डोकावायचे आणि निघून जायचे. वकील तोंडावर हात धरून लांबूनच म्हणाला, "आधी आमच्यावर ओरडणार, मग दात उपटणार. माहीत आहे आम्हाला."

दुसऱ्या गुरुवारीही तेच. अकरा वाजले, तशा बाई हत्यारं आवरायला लागल्या. तेवढ्यात काका मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले.

"बाई, माझी ती दाढ काढून टाका. आज, इथेच."

ती दाढ सहा महिने ठणकत होती. बाईंनी मागे लागूनही काका लवंग धरून दिवस ढकलत होते. आता त्यांनी खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ते दारातल्यांनाही दिसत होतं.

"तुम्ही घाबरता?" वकिलाने विचारलं.

"खूप," काका म्हणाले. "एवढी वर्षं दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसलो ते काय उगाच?"

कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. वकील स्टूल ओढत जवळ आला आणि त्याने काकांची बाजू घेतली.

"बाई, आधी सांगायचं, मग हात लावायचा. त्यांनी हात वर केला की थांबायचं. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

काकांनी दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा बाई थांबल्या. दाढ निघाली. काकांनी गालात कापसाचा बोळा धरून मान हलवली, म्हणजे ठीक आहे. मग वकील स्वतःच खुर्चीत बसला. त्या दिवशी आणखी पाचजण बसले.

उरलेले तीन दात काढल्यावर वकिलाच्या हिरड्या भरून यायला अडीच महिने गेले. मग काकांनी त्याचं माप घेतलं. काकांच्या हातात पहिल्यांदाच साच्याआधी माणूस आला होता. मेणात बसवलेले पांढरेशुभ्र दात लावून वकिलाने आरशात पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे माझ्यापेक्षा श्रीमंत दिसतात. लोक म्हणतील, कोणाचे उचलले?"

"मग कसे हवेत?"

"थोडे वापरलेले. आणि समोर फट. आमच्या आईलाही होती."

काकांनी सगळे दात उतरवले, जरा पिवळसर रंगाचे निवडले आणि मधे बारीक फट सोडली. कवळी बसली त्या दिवशी वकिलाने काकांच्या बहिणीकडून सफरचंद मागून घेतलं. पण खाण्याआधी तो पंधरा मिनिटं बोलतच होता. तिला पहिल्यांदा त्याचा शब्द न् शब्द कळला. "आता याला कोण थांबवणार?" ती हसत म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात तो डॉक्टरीणबाईंना घेऊन मोठ्या दवाखान्यातल्या साहेबांकडे गेला. तासभर वाद घालून त्याने निवाऱ्याचा पत्ता फॉर्मवर चालेल असं लिहून घेतलं. आता एक्स-रेसाठी कोणाला तिकडे जायचं असलं की वकील सोबत जातो आणि बाकावर खेटून बसतो.

निवाऱ्यातला गुरुवार अजून चालू आहे. दुसऱ्या एक डॉक्टरही यायला लागल्या आहेत. काका पेशंटच्या समोर स्टूल घेऊन बसतात, फट हवी का, रंग कोणता, हसताना दात किती दिसायला हवेत, असं एकेक विचारतात. कधी गप्पा इतक्या लांबतात, की रांगेतून कोणीतरी ओरडतं, "काका, आम्ही पण आहोत." काका मान डोलावतात आणि आणखी एक प्रश्न विचारतात.