परत पाठवलेले बोकड

माझं पोस्टिंग उत्तरेतल्या एका फॉरवर्ड सप्लाय डेपोत होतं. रँक नायब सुभेदार. आमच्या चौक गावात फौजी म्हटलं की लोकांना बंदूकच दिसते. मी सोळा महिने बोकडांचे दात तपासले असं सांगितलं, की हसतात. हसू देत. वरच्या पोस्टवरच्या जवानांच्या ताटात काय पडणार, ते माझ्या सहीवर ठरायचं.

बोकड लहानपणीच खच्ची केलेला हवा, आणि वयाने कोवळा, म्हणजे दोन दाती, फार तर चार दाती. असा बोकड अंग धरतो, त्याचं मटण मऊ शिजतं. वय झालेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाचं मटण चिवट, आणि दर्प असा की भुकेला माणूसही ताट सरकवतो. उंचीवर आधीच अन्न जात नाही.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला आमची गाडी खालच्या डेपोतून चाळीस बोकड घेऊन आली. कागद ठीक होते. ड्रायव्हर नाईक काशिनाथ, आमच्या कर्जतकडच्या ठाकूरवाडीचा, शेळ्यांत वाढलेला. सहचालक आजारी, म्हणून एकटाच होता. त्याने एक बोकड आडवा पाडला आणि मला हाक मारली.

"साहेब, जखम ओली हाय. चार दिस पन नाय झाले."

मी तोंड उघडून पाहिलं. आठही दात आलेले.

"सगळेच असे?"

"बघितले तेवढे सगळे. म्हातारे बोकड आत्ता खच्ची केलेत. इतक्यात वास जायाचा नाय."

ठेकेदाराने फसवलं होतं आणि खालच्या डेपोत कुणीतरी न बघता सही केली होती. माझं डोकं फिरलं.

दहा वाजता हवामानाचा निरोप आला, दुपारनंतर रस्ता धोक्याचा. समोरचा डोंगर सकाळपासून काळवंडला होता. वरून बारीक दगड सुटायचे, थांबायचे, पुन्हा सुटायचे. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "आज ठेवून घ्यायचे?"

"नको सर. आजच परत जाऊ देत."

"ठीक. डिसीजन तुमचा."

काशिनाथ डोंगराकडे बघत होता. "साहेब, डोंगर बरा नाय दिसत."

"अकराला निघ. दोनच्या आत पोचशील."

"जी साहेब."

बारा पाचला चेक पोस्टने काशिनाथची गाडी नंबर चार पास झाल्याचं कळवलं. बारा चाळीसला पुन्हा रेडिओ वाजला.

"सातव्या वळणावर दरड. गाडी नंबर चार दिसत नाही. ओव्हर."

मी तीनदा विचारलं. उत्तर तेच आलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला काशिनाथ मातीखाली सापडला. सहा बोकड जिवंत होते. दरडीच्या कडेला उभे राहून आमच्याकडे बघत होते.

सुट्टीत मी ठाकूरवाडीला गेलो. त्याच्या वडिलांनी घोंगडी टाकली, चहा दिला.

"माज्या पोरानं खोट बरोबर धरली ना, सायेब?"

"बरोबर धरली, बाबा."

"मग येक रात ठेवायचे होते बोकड."

"तसा नियम नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. नियम म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

बोकड ठेवू नयेत असा कुठलाही नियम नव्हता. सही न करता बोकड कुंपणात बांधून ठेवता आले असते. मला खालच्या डेपोची चूक त्याच दिवशी त्यांच्या तोंडावर मारायची होती. म्हातारा आता नाही. मी त्याला हे सांगितलं नाही, याची मला लाज वाटते.

काशिनाथ एकतीस वर्षांचा होता. डोंगर बरा दिसत नाही, हे तो एकदाच बोलला. मी हुकूम दिल्यावर त्याने ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही.