मातेचा झगा

गल्लीत तिला सगळे इंचबाई म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. एखादं गिऱ्हाईक "अंदाजे घ्या हो माप" म्हणालं, की ती टेप गळ्यात टाकून हाताची घडी घालून बसायची. "अंदाजे पाऊस सांगतात. कोट शिवायचा असेल तर सरळ उभे राहा." चाळीस वर्षं तिने एकाच खिडकीखाली बसून शिवण केलं. आपल्या कामाची तक्रार घेऊन आजवर कोणी आलं नाही, हे ती न विचारताच सांगायची.

त्रेसष्टाव्या वर्षी तिने घरात जाहीर केलं, की यंदा डोंगरावरच्या मरियामातेच्या यात्रेला ती पायी जाणार. मुलीने कपाळाला हात लावला.

"तीन दिवसांची चाल आहे, आई. गुडघ्याकडे बघ जरा!"

"गुडघा माझाच आहे ना? मग मी जाईन तिथे तो येईल."

तिथे वर्षातून एकदा मातेच्या मूर्तीला नवा झगा घालत. पूर्वी तो इंचबाईची आई शिवायची. आई गेली तेव्हापासून नऊ वर्षं इंचबाई शिवत होती आणि यात्रेकरूंच्या हाती पाठवत होती. स्वतः मात्र एकदाही गेली नव्हती, कारण वर तिचा धाकटा भाऊ होता. चर्चच्या किल्ल्या, घंटा, मेणबत्त्या, सगळं त्याच्याकडे. आईला पुरून तीन दिवस होत नाहीत तोच या बाबाने आईचं शिवणयंत्र सिस्टरांच्या शिवणवर्गाला देऊन टाकलं होतं. बहिणीला विचारलं नाही की सांगितलं नाही. त्या दिवसापासून जो अबोला धरला तो धरला.

यंदा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी हा गुडघा डोंगर चढू देणार नाही. म्हणजे जायचं तर आत्ताच. आपल्या हाताने मातेला झगा घालायचा, भावाशी अवाक्षर बोलायचं नाही आणि खाली उतरायचं. असा सगळा बेत तिने घरीच बेतून ठेवला होता.

पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे चालली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मागे. टाचेला फोड आले, गुडघा पावासारखा फुगला. बरोबरच्या नर्सबाईंनी पट्टी बांधून दिली आणि झग्याचं गाठोडं मागितलं. "माझं ओझं मीच नेणार," म्हणत इंचबाईने ते छातीशी धरलं. चालताना ती जपमाळ ओढायची. एकेका मण्याला एकेका माणसासाठी प्रार्थना: मुलगी, जावई, शेजारी, बटणं हरवणारी गिऱ्हाइकं. भावाचा मणी आला की बोटं तो घाईने पुढे सरकवायची.

यात्रेबरोबर चालणाऱ्या फादरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. "एक मणी फार तापलाय वाटतं," ते म्हणाले.

"फादर, तुम्ही रस्ता बघा. दगड आहेत."

फादर हसले आणि पुढे चालू लागले. पण नंतरचे दोन कोस तिला स्वतःचाच राग येत होता. नऊ वर्षं मनात धरलेला माणूस एका मण्यापुरताही आपल्याला धरवत नाही, याची तिला लाज वाटली. तरी बेत काही बदलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वर पोचली. भाऊ दारातच होता, डोक्याला टक्कल, हातात शिडी. त्याने "ये" म्हटलं. इंचबाई फादरांकडे वळली. "त्यांना सांगा, शिडी घट्ट धरा म्हणावं."

"ऐकू आलं," भाऊ म्हणाला आणि त्याने शिडी धरली.

ती एकेक पायरी चढली. जुना झगा उतरवताना तिचा हात खालच्या काठाला लागला आणि थांबला. आतून सहा बोटं कापड दुमडलेलं होतं. त्यावर मेणबत्तीच्या वातीच्या जाड दोऱ्याने घातलेले टाके, एक लांब तर एक आखूड. माझ्या शिवणीला कोणी हात लावला? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तावातावाने नवा झगा मूर्तीला घातला आणि खाली पाहिलं. मातेची पावलं दिसतच नव्हती. कापडाचा ढीग चौथऱ्यावर लोळत होता.

मातेच्या झग्याला टेप लावायचा नाही, ती काही गिऱ्हाईक नव्हे, असा आईचा नेम होता. आई वितीने मोजायची. तिच्या वहीत लिहिलेलं होतं: साडेसहा विती. इंचबाईनेही मोजल्या होत्या, अगदी काटेकोर. फक्त स्वतःच्या. आईचा हात लहानखुरा, हिचा पंजा बापावर गेलेला. नऊ वर्षं, नऊ झगे, आणि ही गोष्ट एकदाही तिच्या डोक्यात आली नव्हती.

"दरवर्षी?" तिने वरूनच विचारलं. नऊ वर्षांतला त्याच्याशी बोललेला पहिला शब्द.

"दरवर्षी."

"परत पाठवायचा. निरोप तरी द्यायचास."

"तुझ्याकडून वर्षात तेवढंच यायचं गं, ताई," भाऊ म्हणाला. "ते परत पाठवून मग माझ्याकडे काय राहिलं असतं?"

इंचबाई शिडी धरून खाली उतरली. "माझं चुकलं," ती म्हणाली. चाळीस वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

"यंत्र देण्याआधी मीही तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," असं ती ठणकावून म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना.

फादर नर्सबाईंना घेऊन हळूच बाहेर गेले. भावाने नवा झगा उतरवून आणला. दोघं वेदीच्या पायरीवर बसली, झगा मांडीवर पसरला, सहा बोटं दुमडली आणि एका टोकाने तिने, दुसऱ्या टोकाने त्याने शिवायला घेतलं. त्याचे टाके वाकडे पडत होते. इंचबाई ते बघत होती. तिने एकही उसवला नाही.