अण्णांची नजर खाली वळत नाही

गावी, पिशोरला, चुलतबहिणीच्या लग्नात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय एका पाहुण्याच्या पत्रावळीत पडला, तेव्हा आम्हाला आजाराचं नाव माहीत नव्हतं. मुलीकडच्या पुरुषांनी पंगतीत वाढायचं, ही आमच्याकडची रीत. अण्णा वरणाची बादली घेऊन दोन रांगांमधून चालले होते. ते पुढे बघत होते, खाली बघतच नव्हते. ते पाहुणे नवऱ्या मुलाचे मामा होते, ते भरल्या ताटावरून उठले. मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीतली माणसं, जमिनीकडं कशाला बघतील?" दुसरा हसला, "दुपारीच घेतली वाटतं." ज्या माणसाने आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, तो बादली हातात धरून तसाच उभा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही आणि त्याचाही लोकांनी माज असाच अर्थ काढला.

त्यानंतर अण्णा पडायला लागले. ठेच लागून माणूस पुढे पडतो, अण्णा उभ्या उभ्या मागे पडत, कापलेल्या झाडासारखे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. मग पार्किन्सन म्हणून गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी फरक पडला नाही. शेवटी शहरातल्या एका मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाईंनी आपलं बोट अण्णांच्या डोळ्यांसमोरून हळूहळू खाली नेलं. बोट खाली गेलं, डोळे जागच्या जागीच राहिले. आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. बाईंनी समजावून सांगितलं की डोळे चांगले आहेत, पण त्यांना वरखाली वळवणारा आणि शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूतला भाग झिजत चाललाय. पुढे बोलणं जड होईल, गिळणं अवघड होईल. हा आजार क्वचितच कुणाला होतो आणि तो थांबवणारं औषध अजून नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी माज नाय ना?" बाईंना त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. आईने पदर तोंडाला लावला.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अण्णा वाळूजच्या कारखान्यात होते आणि गेटवर वाटायची कामगार संघटनेची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. मी अक्षरं जुळवायला त्यांच्यावरच शिकले. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढीच माझी पूजा. त्यामुळे नातेवाईक जेव्हा पितृदोष म्हणायला लागले, कुणी लिंबू उतरवायला सांगू लागलं, तेव्हा मी आजारावर एक पानी पत्रक छापून आणलं. "हा माणूस पीत नाही. हा माणूस तुम्हाला ओळखतो. त्याच्याशी बोलताना समोर, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत उभे राहा. तो सावकाश बोलतो, थांबा." हे पत्रक गल्लीत घरोघर दिलं, पिशोरलाही पाठवलं. किराणा दुकानदाराने ते काउंटरवर चिकटवलं आणि शेजारचे काका अण्णांसमोर सावधान उभे राहून बोलू लागले, तेव्हा अण्णांनाही हसू आलं. पण देवाच्या नावाने कुणी काही बोललं की माझं डोकं तापायचं. मी अण्णांनाही सोडलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं त्या मारुतीकडे पायी गेलात, त्याने काय दिलं? अण्णा म्हणाले, "मागितलंच नाय काई. तू तुझं पत्रक लिही, माझं मला वाचू दे."

खुलताबादचा भद्रा मारुती हा अण्णांचा देव. दरवर्षी ते मित्रांबरोबर शहरातून चालत जात. पाय थकले, मित्र थकले, ते बंद झालं. मागच्या थंडीत अण्णांचं बोलणं घोगरं आणि तुटक झालं, आणि एके दिवशी त्यांनी मला समोर बसवून एकेक शब्द काढत सांगितलं, "मारुतीला एकदा बघायचंय. अजून दिसतंय तवर." मी लगेच हो म्हटलं, आणि मग आठवलं: तो मारुती निजलेला आहे. उभ्याने खाली वाकून त्याचं दर्शन घ्यावं लागतं आणि अण्णांची तर मानही आता मागे ताठ झाली होती. तिथे फोटो काढून फोन डोळ्यांसमोर धरते असं सुचवलं, तर म्हणाले, "फोटो घरी हाय." या माणसाला इतक्या लांब नेऊन भिंत दाखवून परत आणायचं, आणि हे त्यांचं शेवटचं दर्शन असायचं, या विचाराने मला झोप लागेना. देव असलाच तर तो इतका निर्दय कसा, असं मनात भांडत राहिले.

गर्दी नसेल असा वार बघून आम्ही रिक्षाने गेलो. अण्णांच्या कमरेला व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी दिलेला पट्टा, त्याची कडी माझ्या मुठीत. रांगेत आमच्या मागे फर्दापूरची एक मावशी होती, अंगाने आडवी, हातात नारळाची पिशवी. तिने अण्णांकडे बघून विचारलं, भाऊ रागावलेत का? मी सवयीने पिशवीतून पत्रक काढून दिलं. ते तिने उलटं धरलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "मला वाचता नाय येत बाई. तूच सांग." मी सांगितलं. ती व्हय व्हय करत ऐकत राहिली, मग म्हणाली, तिच्या नवऱ्याची मान तर कधीच खाली गेली नाही, त्याला कुठलाच रोग नव्हता. अण्णांच्या घशातून हसल्याचा आवाज आला.

आम्ही देवासमोर पोहोचलो. अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांचे हात जोडलेले होते. मी विचारलं, दिसतोय का? ते म्हणाले, "भिंत दिसती." त्यांनी खाली बघायचा जोर केला आणि मान आणखीच मागे गेली. मला पट्ट्यातून कळलं की ते निघाले, मागे. मी नेहमीसारखी सगळी ताकद लावून त्यांना पुढे ओढलं. माझा हात सुटत होता. तेवढ्यात मागून मावशीने दोन्ही हात अण्णांच्या काखेत घातले आणि त्यांना सावरायच्या ऐवजी ती स्वतःच खाली बसली. सावकाश, मागच्या भिंतीला पाठ घासत, अण्णांना पोटाशी घेऊन. नारळ गडगडत गेला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, इथं बसू नका. मावशी खालूनच म्हणाली, "देव निजलाय, तर आपण बसलो म्हून काय झालं?"

मी घाबरून गुडघ्यांवर आले, आणि अण्णांचे डोळे बघितले. देवाभोवतीच्या जाळीतून, अगदी समोर, त्यांच्या नजरेच्या सरळ रेषेत शेंदराचा तो आडवा मारुती होता. अण्णा पापणी न हलवता बघत होते. म्हणाले, "दिसला." मग गालांवरून पाणी वाहू लागलं, आणि ज्या चेहऱ्यावर वर्षभरात काही उमटलं नव्हतं, तो चेहरा मी ओळखला. माझेही हात जोडलेले होते.

मावशी नारळ शोधून, फोडून, अर्धा आमच्या हातात देऊन निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. हा चमत्कार होता असं मी कुणाला पटवायला बसणार नाही. अण्णा बरे झालेले नाहीत. आता ठसका लागू नये म्हणून त्यांना पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागतं आणि ज्या दिवशी शब्द निघत नाहीत, त्या दिवशी ते बोटाने खुणा करून बोलतात. मी पत्रकंही लिहिते आणि लिंबू उतरवणाऱ्यांशी भांडतेही. पण शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. अण्णा उभे राहिलेच पाहिजेत म्हणून मी त्यांना ओढत होते, त्यांच्या आजाराशी त्यांच्याच अंगावर मारामारी करत होते. एक अनोळखी बाई मात्र पडणाऱ्या माणसाबरोबर खाली आली, आणि ज्याच्यापर्यंत मी त्यांना कधीच पोहोचवू शकले नसते, तो तिथे खालीच होता. तिला कुणी पाठवलं हे मला माहीत नाही. ज्याने पाठवलं असेल त्याचे आभार मी रोज मानते, आणि मानताना आता ओशाळत नाही.

पुढच्या खेपेला व्यायामाच्या ताईंकडून मी हे खाली बसणं रीतसर शिकून घेतलं. आता अण्णांचा तोल गेला की मी ओढत नाही. पटकन मागे जाते, त्यांना छातीशी घेते आणि दोघं हळूहळू फरशीवर येतो. परवाही तसंच झालं. अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. आई आतून धावत आली, पडले का म्हणून. मी काही म्हणायच्या आत अण्णांनीच, फार कष्टाने, उत्तर दिलं.

"नाय. बसलोय."