दौलतची बैठक आणि माझी ट्यूबलाइट

दौलत गेल्याचा निरोप आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. तसाच टॉवेल खांद्यावर टाकून गेलो, तर त्याच्या दारात उभं राहायला जागा नाही. अख्खं मोताळा गाव लोटलं होतं. खोटं कशाला बोलू? रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? जन्माची मैत्री, आणि मित्राला पोचवायला गेल्यावर हे सुचावं... असा मी माणूस. आज सव्वा महिना झाला. आता लपवण्यात काय अर्थ आहे?

दौलत कपडे शिवायचा, मी शाळेत मास्तर. घरं समोरासमोर. माझी बैठक ऐसपैस, त्याची जेमतेम. एका बाजूला शिलाई मशीन, उरलेल्या जागेत सतरंजी. तरी संध्याकाळ झाली की माणसं त्याच्याकडेच वळायची. त्याचंही मला काही वाटलं नसतं, पण त्या माणसांत माझे वडील असायचे. आबा. सहा वाजले की काठी घेऊन माझ्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायचे. घरात माझ्याशी मोजकं बोलणं, आणि तिथून मात्र त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, आमच्या गल्लीत वीज आली. मी ठरवलं, आता बैठकीत असा दिवा लावायचा की आबा उठायचं नाव काढणार नाहीत. दौलत म्हणाला, "मास्तर, चाळीसचा बल्ब घे. वरतून पत्र्याची टोपी घाल आन् जरा खाली लटकव. मानसाच्या तोंडावर नरम उजेड पडला पाह्यजे. मी दिवसभर सुईत दोरा ओवतो बे, मले इचार."

मला वाटलं, हा जळतो. मास्तरकडे आपल्यापेक्षा जास्त उजेड नको म्हणून सांगतोय. जळत होतो मी, आणि संशय त्याच्यावर! रविवारी मलकापूर गाठलं आणि चार फुटी ट्यूबलाइट घेतली. एसटीत दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून आणली. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, हिचंबी तिकीट काढा." मी हसलोसुद्धा, एवढा खुशीत होतो.

पहिल्या संध्याकाळी गल्ली माझ्याकडे जमली. आबा मधोमध. मी बटण दाबलं. पण त्या वेळी आमच्याकडची वीज दुबळी, त्यात ट्यूब खाचेत नीट बसलेली नव्हती. ट्यूब नुसती फडफडायला लागली. दिवा लागला की हात जोडायची आबांना जन्माची सवय. ट्यूब लागली की ते हात जोडत, विझली की सोडत, पुन्हा लागली की पुन्हा जोडत. लोक तोंडाला रुमाल लावून हसू लागले. शेवटी दौलत स्टुलावर चढला, ट्यूब जराशी फिरवली, आणि लागली! चुन्याच्या भिंती पांढऱ्याफटक झाल्या. "वा मास्तर, दिवस उगवला!" लोक म्हणाले. पण ती लावली दौलतनं, हे मला खुपलंच.

तीन दिवस आबा माझ्या बैठकीत बसले. चौथ्या दिवशी सहा वाजता त्यांनी काठी उचलली.

"आबा, कुठं?"

"जराक दौलतकडे जाऊन येतो."

"काऊन? इथं काय कमी हाय?"

ते काठी टेकत पायरी उतरले. पुढं सात वर्षं, अंथरूण धरेपर्यंत, ते रोज गेले. आणि मी लखलखीत बैठकीत एकटा बसून समोरच्या पिवळ्या उजेडाकडे बघत धुमसत राहिलो. एकदा दौलतला तोंडावर म्हणालो, "माझा बाप फितवला तू." मशीनवरची मान वर न करता तो म्हणाला, "तसं समज." मला वाटलं, माजलाय.

परवा वहिनींना, म्हणजे दौलतच्या बायकोला, भेटायला गेलो. आबांचा विषय निघाला. त्या सहज बोलून गेल्या, "आबाजीच्या डोयात मोतीबिंदू उतरून राह्यला होता ना, भाऊजी. तुमच्या ट्यूबीचा उजेड त्यायले टोचे. पानी गये डोयातून."

मोतीबिंदूचं मला कळलं ते ट्यूब आणल्यावर दोन वर्षांनी. ट्यूबशी त्याचा संबंध माझ्या टाळक्यात कधी आलाच नाही.

"मग मले काऊन नाही सांगितलं कोनी?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आनली ना... आबाजीनं ह्यायले शप्पत घातली होती. पोराले सांगू नको म्हने, हिरमुसला होईन. ह्यायनं पाळली मग, आबाजी गेल्यावरबी."

त्या क्षणी मला दौलतचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. पण झाला तो पुन्हा तोच जळफळाट. बापानं डोळ्याचं दुखणं मला सांगितलं नाही, त्याला सांगितलं! मी चार पावलांवर होतो...

"वहिनी, आबा आनखी काय काय बोलत इथं?"

त्यांनी थोडा विचार केला. "काय सांगू, भाऊजी? मी चहा ठेवून आत जात होती. ते दोघंच बोलत बसत. ते ह्यायलेच ठाऊक."

दिवेलागण झाली होती. त्यांनी उठून बल्ब लावला आणि चहा करायला आत गेल्या. मी सतरंजीवर बसून राहिलो. मशीनवर चादर टाकून ठेवली होती. माझ्या बापाचं सात वर्षांचं बोलणं ऐकलेला एकच माणूस या जगात होता. तो रोज माझ्या समोर राहत होता, आणि मी त्याला कधी काही विचारलंच नाही.