दुबईचा पगार आणि बहिणीचं स्थळ

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी दुबईत एका ठेकेदाराकडं वेल्डर आहे. सध्या सुट्टीवर उमरग्याला आलोय. आज धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामांनी मला विचारलं, "तिकडं लई मिळत आसंल, न्हाय का?"

मी बोलायच्या आधीच वडलांनी माझा पगार रुपयांत करून सांगितला. मामा हसत म्हणाले, "मग पोराला चारचाकी द्यायला काय अवघड हाय तुम्हाला?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, तिथं खोलीचं भाडं, जेवण, बसचं तिकीट सगळं माझ्याच पगारातून जातं. काम बंद असलं की ठेकेदार पैसेबी देत न्हाय. हातात उरतं तेवढं मी इथं हायवेवरच्या वर्कशॉपात कमवत होतो."

पाहुणे 'कळवतो' म्हणून उठले.

बहीण कपबशा उचलताना एवढंच म्हणाली, "दादा, तू तर परत जाणारच हायस. आजच्या दिवस गप बसला असतास तर?"

परदेशात राबणाऱ्यांनो, तुम्ही घरी खरं सांगता का?