काट्याच्या घरची कलेजी

कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात त्याला सगळे काटा म्हणत. मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, जे काही मिश्रणात पडायचं ते आधी त्याच्या वजनकाट्यावरून जायचं. फावडंभर मका जास्त पडला तर तो हाताने काढून घ्यायचा. "मक्याने कोंबडी फुगते, सुधारत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. दुसरं वाक्य त्याच्या तोंडून फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

बायकोच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन लगेच व्हायचं, पण तिच्या अंगात रक्त इतकं कमी, की डॉक्टरीणबाईंनी ते पुढे ढकललं. "आधी रक्त भरून येऊ दे. गोळ्या चुकवू नका. खात असाल तर कलेजी खा."

गोळ्यांचं बायकोने ऐकलं, कलेजीचं काट्याने.

"बाजारातली नको," तो म्हणाला. "ती कोंबडी काय खाऊन मोठी झाली, देव जाणे. कोंबडीच्या पोटात जाईल तेच कलेजीत उतरतं."

त्याने मागच्या अंगणात जाळी ठोकली आणि कोंबड्या आणल्या. जाळी मुद्दाम लहान ठेवली, कोंबड्यांची उगाच पायपीट नको म्हणून. मग रोज कामावरून आला की तो खुराड्यापाशी बसायचा. कोंबड्या पेंडीला नाक मुरडायच्या, मक्यावर तुटून पडायच्या. त्यांचं अर्धपोटी राहणं काट्याला बघवायचं नाही. तो ओंजळीने मका टाकायचा. घरी वजनकाटा नव्हता. घरच्यांना कोण तोलून वाढतं?

"अहो, जावयांना पण कुणी एवढा आग्रह करत नाही," बायको खिडकीतून म्हणायची.

"खाऊ दे गं. तुझ्यासाठीच खातायत."

दोनेक महिन्यांनी त्याने कोपऱ्यावरच्या खाटकाला बोलावलं. खाटकाने कोंबडी उघडली आणि कलेजी तळहातावर धरून उजेडात नेली. तांबडी नव्हती. पिवळट, मऊ, बोट लावलं तर खचणारी.

"काटेशेठ, कोंबडी पाळली होती का लोण्याचा गोळा?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कोंबड्यांविषयी सांगितलेलं वाक्य घरच्या कोंबडीने काट्याला ऐकवलं होतं. रक्तासाठी हवं ते थोडं आणि चरबीच फार, असा तो प्रकार. बायकोने तरीही ती कांद्यावर परतून खाल्ली. "चव चांगली आहे हो," ती म्हणाली. काट्याला ते जास्त लागलं. त्याच आठवड्यात तिचं रक्त तपासलं. गोळ्यांनी थोडं वर चढलं होतं. ऑपरेशनला पुरेसं नव्हतं.

"उद्यापासून मी घालते खायला," बायको म्हणाली. "तुमची माया बाधते त्यांना."

काट्याने कारखान्यातला जुना तराजू आणला, जाळी अंगणभर वाढवली आणि मिश्रण नीट बेतून दिलं. बायको तेवढंच तोलून टाकायची, वर भाजीचा हिरवा पाला. कोंबड्या दिवसभर माती उकरत हिंडायच्या, आणि संध्याकाळी काट्याकडे अशा बघायच्या की तो तोंड फिरवून घरात जायचा.

पुढच्या खेपेला खाटकाच्या हातात गडद तांबडी, घट्ट कलेजी आली. "ही कलेजी," तो म्हणाला, आणि चाकू पुसून निघून गेला. त्यानंतरच्या कोंबड्यांच्याही तशाच निघाल्या. बायकोच्या ओठांना रंग आला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून तारीख दिली. श्रेय गोळ्यांचं की कलेजीचं, हे काट्याने विचारलं नाही. उत्तर गोळ्या असलं तर काय घ्या.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरून आत जाताना बायकोने त्याला खाली वाकायला लावलं.

"खुराड्यात दोघी राहिल्यात. माझ्यामागे त्यांना लाडावू नका."

ऑपरेशन नीट झालं. ती गुंगीत असताना सोबतीला आलेल्या बहिणीने काट्याला घरी पिटाळलं. कोंबड्या जाळीशी उभ्याच होत्या, दिवसभराच्या उपाशी. त्याने पारड्यात खाद्य घेतलं. तराजूचा काटा मधोमध आला. मक्याचं पोतं शेजारीच उघडं होतं.

त्याने पोत्याचं तोंड बांधलं आणि तोललेलं तेवढं टाकलं.

"बघू नका तसं," तो कोंबड्यांना म्हणाला. "बाई घरी आल्यावर विचारेल मला."